शून्य गृहीतक आणि गोड चहा

पीएचडी करणाऱ्या माणसाला "झालं का?" असं विचारू नये, ही साधी गोष्ट आमच्या सोलापूर जिल्ह्यात कुणालाच माहीत नाही. रिक्षावाल्यापासून माहेरच्या शेजारणीपर्यंत सगळे विचारतात. प्रबंधाचं पान काही पुढं सरकत नाही, पण किस्से मात्र न मागता साचत जातात. आमच्या संशोधन केंद्राच्या खोलीत ते इतके साचलेत, की कपाट उघडलं की आधी तेच अंगावर पडतील. त्यातले बरेचसे माझ्यावरच आहेत. म्हणून निदान सांगण्याचा हक्क तरी माझा!

खोली म्हणजे कॉलेजच्या लायब्ररीमागची. एक पंखा, तीन टेबलं, तीन विद्यार्थी. एक मी, ऋतुजा. माहेर बार्शी, सासर जुळे सोलापूर, बोलणं कमी. दुसरी निलोफर. तिच्या वडिलांचा टेम्पोचा धंदा आहे. ती घरी दख्खनी बोलते, खोलीत मराठी आणि राग आला की दोन्ही एकदम. तिसरे गवळीसर, वेळापूरकडचे, हायस्कूलला शिक्षक. त्यांचा आराखडा एकदा समितीनं नामंजूर केला, नोंदणी रद्द झाली, मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यामुळं समिती म्हटलं की त्यांना घाम फुटतो. आणि आम्हा तिघांवर आमच्या गाइड, देशमाने मॅडम.

*

माझा विषय लग्नाच्या आधी ठरला होता. 'नवविवाहित स्त्रियांचा घरातील निर्णयांमध्ये सहभाग : एक चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ जुळे सोलापूर.'

शहरातला जुळे सोलापूर हाच भाग का? तर तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. संशोधकानं अलिप्त असावं, असं पुस्तकात लिहिलंय आणि मी पुस्तकातलं मनावर घेते.

मग स्थळ आलं. मुलगा चांगला, नोकरी चांगली, घरात फक्त आई. फ्लॅट कुठं? जुळे सोलापूर!

पत्रिका घेऊन मी मॅडमकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून पत्ता वाचला, पत्रिका शांतपणे टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "अभिनंदन, ऋतुजा. कालपर्यंत तू संशोधक होतीस. आता तू नमुना झालीस!"

*

दिवाळीनंतर लग्न झालं. पहिल्या सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, चहाचं आधण ठेवून उभ्या. साखरेचा डबा हातात.

"चहा गोड चालतो ना गं तुला?"

आता खरं सांगायचं तर मी बिनसाखरेचा चहा पिते. साखर घातली की मला तो चहा वाटत नाही, पाक वाटतो. पण पहिली सकाळ, परकं स्वयंपाकघर, आणि समोर एवढ्या प्रेमानं विचारणारं माणूस. मी मान हलवली. वर "हो" असंही म्हणाले!

पातेल्यात साखरेचा जो धबधबा कोसळला, तो त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ कोसळतोच आहे.

खोलीत हे सांगितलं तेव्हा निलोफर माझ्याकडं बघतच राहिली. "क्या बोलूं तेरेकू! साधं 'साखर नको' म्हणता येत नाही, आणि ही बाई निर्णयातल्या सहभागावर प्रबंध लिहिणार!"

*

गृहीतक म्हणजे काय, हे मॅडमनी आम्हाला दोन तास शिकवलं. त्या गेल्यावर गवळीसरांनी तेच दोन वाक्यांत उरकलं.

"गृहीतक लई सोपं हाय. लग्नाआधी सासरचे पोरीबद्दल जे धरून चालत्यात, ते गृहीतक. लग्नानंतर जे दिसतंय, तो निष्कर्ष."

"आणि दोन्ही जुळलं नाही तर?" मी विचारलं.

"मग शेवटच्या प्रकरणात 'संशोधनाच्या मर्यादा' म्हणून लिवायचं की!"

त्यातही शून्य गृहीतक ही आणखी वेगळी भानगड. आधी 'काही फरक नाही, काही परिणाम नाही' असं धरायचं आणि मग जमवलेल्या माहितीच्या जोरावर ते नाकारता येतं का, ते बघायचं. माझं शून्य गृहीतक असं : 'नवविवाहित स्त्रियांचा घरातील निर्णयांमध्ये लक्षणीय सहभाग नसतो.'

मी ते सुवाच्य अक्षरात लिहून टेबलासमोर चिकटवलं. गवळीसर येता-जाता वाचायचे आणि मान डोलवायचे. एकदा म्हणाले, "ताई, ह्याचा पुरावा गोळा करायला उन्हात कशाला फिरताय? पुरावा हितंच बसलाय की!"

मॅडम तेव्हा खोलीतच होत्या, पण हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "जानेवारीत समिती आहे. आराखडा मंजूर झाला तर पुढं, नाही तर नोंदणी गेली. आणि समितीसमोर बोलावं लागतं, ऋतुजा. तिथं मान हलवून चालत नाही."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. चहा मात्र गेला. गोड!

*

संशोधनात चल, म्हणजे बदलणारे घटक, दोन प्रकारचे असतात. स्वतंत्र चल आणि आश्रित चल. जो स्वतः बदलतो आणि बाकीच्यांना बदलायला लावतो तो स्वतंत्र, जो त्याच्या तालावर बदलतो तो आश्रित.

मॅडम म्हणाल्या, "घरातलं उदाहरण दे."

मी विचार केला. आई म्हणाल्या आज उपास, की सगळ्यांची साबुदाण्याची खिचडी. आई म्हणाल्या गच्चीवर ऊन चांगलंय, की माझा आणि प्रसादचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, रविवार पापड वाळवण्यात. आई म्हणाल्या टीव्हीचा आवाज मोठा झाला, की बातम्या देणारासुद्धा गप्प.

"मॅडम," मी म्हणाले, "आमच्याकडं स्वतंत्र चल एकच आहे. बाकी आम्ही सगळे आश्रित!"

*

गवळीसरांचा हा एक, मग पुन्हा माझ्याकडं येते.

त्यांना जिल्ह्यातल्या शाळांचा यादृच्छिक नमुना निवडायचा होता. म्हणजे प्रत्येक शाळेला सारखी संधी, आपली आवडनिवड मधे येऊ द्यायची नाही. सरांनी चिठ्ठ्या केल्या, स्टीलच्या डब्यात टाकल्या, डबा हलवला आणि निलोफरला काढायला सांगितलं.

पहिली चिठ्ठी. सरांनी उघडली. "छ्या! ही शाळा लई आडवाटेला हाय. एसटी न्हाय. ही टाका आत."

दुसरी चिठ्ठी. "हितला हेडमास्तर माझ्याशी बोलत न्हाय. टाका आत."

तिसरी चिठ्ठी. सर नुसतेच "अं हं" म्हणाले. गेली आत.

एवढ्यात मॅडम आल्या. "काय सर, नमुना यादृच्छिकच आहे ना?"

"व्हय तर मॅडम! अगदी चिठ्ठ्या टाकून. आता बघा..." त्यांनी पुढची चिठ्ठी उघडली आणि चेहरा फुलला. "आली! माझ्या मामाची शाळा आली!"

*

मॅडमचा एक आवडता व्यायाम होता. कागदावर मधोमध रेघ मारायची. डावीकडं निरीक्षण, म्हणजे जे डोळ्यांना दिसलं तेवढंच. उजवीकडं अनुमान, म्हणजे त्यावरून आपण काय ठरवलं ते. "दोन्हींची सरमिसळ झाली की संशोधन संपलं," असं त्यांचं म्हणणं. आठवडाभर घरात हे करून आणायला सांगितलं.

मी कमी बोलते, पण बघते भरपूर. मनापासून केलं.

निरीक्षण : प्रसाद ऑफिसातून आल्यावर चहाचा कप घेऊन बाल्कनीत जातो. अनुमान : त्याला झाडं आवडतात.

निरीक्षण : आई चहाचा घोट घेताना डोळे मिटतात. अनुमान : त्यांना गोड चहा जिवापाड आवडतो.

मॅडमनी कागद वाचला. "निरीक्षण छान आहे. अनुमान तपासलंस?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांना विचारलंस?"

मी हसले. आता सासूला जाऊन विचारायचं, तुम्ही डोळे का मिटता? काहीतरीच मॅडमचं!

*

मग आली पथदर्शी चाचणी. खऱ्या संशोधनाआधी प्रश्नावली थोड्या लोकांवर वापरून बघायची, कुठं काय बिघडतं ते समजतं. माझी प्रश्नावली देखणी होती. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. अ) पतीने, ब) सासू-सासऱ्यांनी, क) मी स्वतः, ड) सगळ्यांनी मिळून.

पहिलं घर आमच्या मागच्याच अपार्टमेंटमधलं. माझ्याच वयाची एक नवी सून सोफ्यावर बसली, तिची सासू स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत.

"घरात नवी वस्तू घ्यायची तर कोण ठरवतं?"

"सगळ्यांनी मिळून."

"माहेरी कधी जायचं, हे?"

"सगळ्यांनी मिळून."

"तुम्ही नोकरी करायची की नाही?"

"ते पण सगळ्यांनी मिळूनच."

मी जरा सोपं विचारावं म्हणून म्हटलं, "तुम्हाला साडीत कुठला रंग आवडतो?"

तिनं तोंड उघडलं. स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "तिला मोरपंखी!"

दुसऱ्या घरी ड. तिसऱ्या घरी ड. एका घरी मी धीर करून विचारलं, "सगळ्यांनी म्हणजे कोणकोण?" ती सासू जवळपास नाही असं बघून हळूच म्हणाली, "सगळे म्हणजे आमच्या आत्याबाई."

*

त्यातून आणखी एक अडचण झाली. हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात कोरं मंगळसूत्र आणि खांद्याला प्रश्नावल्यांची पिशवी, अशी मी दारात उभी राहिले की कुणाला पिशवी दिसायचीच नाही.

"अगं बाई, नवी नवरी पहिल्यांदाच घरी आली! रिकामी कशी पाठवायची?"

की पाट, हळदी-कुंकू, तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस. मी प्रश्न विचारायच्या आत मलाच प्रश्न. कुठल्या तुम्ही? बार्शीच्या? भावंडं किती? सासू कशी आहे? आणि मी काय सांगायची? "छान आहे सगळं!"

कॉलेजात पोचले. मॅडमनी विचारलं, "काय, किती प्रश्नावल्या आल्या?"

माझ्या वतीनं निलोफर म्हणाली, "प्रश्नावल्या थोड्याच आहेत मॅडम. पण नारळ स्कूटीच्या डिकीत मावंनात!"

घरी आईंनी नारळ उतरवून घेतले, ब्लाउजपीस उलगडून बघितले, एकदोन कापडांचा पोत बोटांनी चाचपला आणि खूश होऊन म्हणाल्या, "रोज जात जा की संशोधनाला!"

*

एका उत्तरदात्यानं दुसऱ्याचं नाव सुचवायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं, असा नमुना वाढत जातो, त्याला पुस्तकात हिमगोल पद्धत म्हणतात. गवळीसरांना हे नावच पटत नाही. "सोलापुरात कुटला आलाय हिम? मे महिन्यात हितं यायला लावा त्या लिवणाऱ्याला!"

माझा गोल मात्र झपाट्यानं वाढला. ही तिचं नाव सांगे, ती पुढचीचं. मी भारावून गेले. यादी आईंना दाखवली, तर त्या चष्मा लावून वाचतात आणि म्हणतात, "ही आमच्या भजनी मंडळातल्या पेटीवालीची सून. ही टाळवालीची. ही आमच्या भिशीतली. अगं, ह्या सगळ्या आमच्याच की!"

म्हणजे मी जुळे सोलापूरचा अभ्यास करत नव्हते, आईंच्या भजनी मंडळाचा करत होते!

मॅडमनी तोडगा काढला. त्याच प्रश्नावल्या घेऊन निलोफरनं जायचं, दुसऱ्या गल्लीत. ना बांगड्या, ना मंगळसूत्र, ना भजनी मंडळ. निलोफर परतली ती कागदांचा गठ्ठा घेऊन. एकीनं तर पानाच्या मागच्या बाजूला पण लिहिलं होतं!

"ह्यांना विचारलं, कोण ठरवतं," निलोफर म्हणाली, "तर म्हणतात, 'कसलं काय ताई! मला भाजी कुठली करायची तेवढंसुद्धा विचारत नाहीत.'"

"मला का नाही सांगत मग?" मी रडवेली झाले.

"तेरेकू देख को सब मीठा-मीठा बोलतें! तू कुणाची तरी सून. तुला सांगितलेलं संध्याकाळी भजनात जातं. मी काय, कॉलेजची पोरगी. आली, गेली."

विचारणाऱ्या माणसामुळं उत्तर बदलतं. पुस्तकात यावर आख्खं प्रकरण आहे. मी ते पाठ केलं होतं. परीक्षेत मला त्यावर पैकीच्या पैकी मार्क होते!

*

हा अगदी छोटा. विश्वसनीयता आणि वैधता यांतला फरक मला कधी लक्षात राहात नसे. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आणि दर वेळी तेच उत्तर आलं, तर साधन विश्वसनीय. पण ते उत्तर मुळात खरं असेल, तरच वैध.

"उदाहरण सांग ना," मी निलोफरला म्हटलं.

"तुझी सासू रोज विचारते ना, गोड चालतो ना? आणि तू रोज म्हणतेस, हो." ती टिफिन उघडता उघडता म्हणाली, "विश्वसनीयता शंभर टक्के. वैधता शून्य!"

त्यानंतर मला कधी गोंधळ झाला नाही.

*

आता समितीचं.

आईंनी माझ्या पहिल्या संक्रांतीचं हळदी-कुंकू शुक्रवारी संध्याकाळी ठरवलं. काळी साडी आली, हलव्याचे दागिने आले, भजनी मंडळाला व्हॉट्सअॅपवर निमंत्रण गेलं. आणि दुसऱ्या दिवशी मेल आला : संशोधन समिती, शुक्रवारी.

सगळी खोली माझ्यामागं लागली. गवळीसर म्हणाले, "ताई, घरी सांगा. 'शुक्रवारी न्हाय जमणार, शनिवारी करू.' एवढंच वाक्य. एक बार म्हणून दाखवा." मी म्हणून दाखवलं. निलोफरनं सासूबाईंचं काम केलं, तरी माझा आवाज निम्म्यात बसला. तिच्यासमोर!

त्या रात्री जेवताना मी तयारीत होते. "आई, शुक्रवारी मला..."

आईंनी त्याच क्षणी कडक भाकरी मोडली. कडक भाकरी मोडल्याचा आवाज तुम्हाला माहीतच असेल. माझं वाक्य त्यात गेलं.

"काय म्हणालीस?"

"शेंगाचटणी द्या, म्हटलं."

दिली. वर दही पण दिलं.

मग मी स्वतःची समजूत घातली. समिती सकाळची, हळदी-कुंकू संध्याकाळचं. आईंना कळायचं कारणच नाही. शुक्रवारी "कॉलेजात थोडं काम आहे" म्हणून निघाले, कॉलेजात शिरताना फोन बंद केला आणि बसले.

बाहेरून येणारे तज्ज्ञ दुपारी पोचले. मग त्यांचं जेवण. मग माझ्याआधीचे विद्यार्थी. ऊन कलायला लागलं, तरी माझं नाव नाही. गवळीसर आणि निलोफर मला धीर द्यायला आले होते, पण पाणी सरच पीत होते.

तेवढ्यात कॉलेजच्या गेटात रिक्षा थांबली. आई उतरल्या. एका हातात काळी साडी, दुसऱ्या हातात दागिन्यांचा खोका!

"फोन बंद! बायका यायची वेळ झाली! कुठं आहेस कुठं तू? चल, इथंच नेसून घे, म्हणजे तिकडं थेट पाटावर बसता येईल."

"आई, माझं..."

"चल म्हणते ना!"

लेडीज रूममध्ये आई निऱ्या घालतायत, निलोफर दोरे बांधतीय. हलव्याचा मुकुट, हलव्याचे बाजूबंद, हलव्याचा कंबरपट्टा. मी आश्रित चलासारखी उभी. शेवटची गाठ बसली आणि दारावर शिपाईमामांची थाप पडली. "ऋतुजाताई, आत बोलावलंय!"

आईंनी निलोफरकडं बघितलं. निलोफरनं माझ्याकडं. मी कुणाकडंच बघितलं नाही. आत गेले.

मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. मी पहिली स्लाइड लावली, हात वर करून पडद्यावर दाखवायला गेले, तर बाजूबंदाचा दोरा सुटला आणि हलवा टेबलभर पसरला. अध्यक्षांनी एक दाणा उचलून नकळत तोंडात टाकला.

तज्ज्ञ सर म्हणाले, "तुमचं शून्य गृहीतक?"

"नवविवाहित स्त्रियांचा घरातील निर्णयांमध्ये लक्षणीय सहभाग नसतो."

त्यांनी माझ्या मुकुटाकडं बराच वेळ बघितलं. "बरं. समितीपुढं आज हे असं यायचं, हे कुणी ठरवलं?"

मी तोंड उघडलं. दारातून आवाज आला.

"सगळ्यांनी मिळून!"

आई. दाराच्या फटीतून अर्ध्या आत. तज्ज्ञ सर दचकले. मॅडमनी डोळे मिटले. आणि माझ्या डोक्यात काय झालं, मला आजही सांगता येत नाही.

"नाही सर," मी म्हणाले. "एकट्या आईंनी ठरवलं. मला आज समिती आहे, हे मी त्यांना सांगितलंच नाही, कारण मला बोलता आलं नाही. म्हणून प्रश्नावलीतला चौथा पर्याय मला काढून टाकायचा आहे. 'सगळ्यांनी मिळून' म्हणायची सोय आहे, तोवर खरं उत्तर येणार नाही. आणि घरातली माणसं ऐकत असताना मुलाखत घ्यायची नाही. आणि मी घ्यायची नाही. निलोफरसारखी तिऱ्हाईत कुणीतरी घ्यायची."

एवढं सलग मी आयुष्यात बोलले नव्हते.

तज्ज्ञ सरांनी अध्यक्षांकडं पाहिलं. अध्यक्षांच्या तोंडात हलवा होता. तो संपवून ते म्हणाले, "पर्याय काढा. बाकी मंजूर!"

बाहेर गवळीसर सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असे ओरडले, "पडलं की शून्य गृहीतक!"

*

परतीच्या रिक्षात आई बाहेर बघत बसल्या. आसरा चौकाच्या सिग्नलला फक्त एवढंच म्हणाल्या, "एकट्या आईंनी, काय?" आणि पुन्हा बाहेर बघायला लागल्या. मी कंबरपट्ट्याचे दाणे मोजत बसले. मंजूर आराखडा मांडीवर होता, पण आता राहायचं कुठं, हा प्रश्न मला पडला होता.

हळदी-कुंकू झालं. तिळगूळ झाला, वाण लुटून झालं. भजनी मंडळानं माझे फोटो काढले. आई सगळ्यांशी हसून बोलत होत्या, माझ्याशी नाही.

बायका गेल्या. आईंनी चहाचं आधण ठेवलं. मी ओट्याशी मुकुट सोडत उभी होते. साखरेचा डबा त्यांच्या हातात, पाठ माझ्याकडं.

"चहा गोड चालतो ना?"

"नाही, आई."

चमचा डब्यातच थांबला.

"मला अजिबात चालत नाही. पहिल्या दिवसापासून. मी बिनसाखरेचाच पिते."

आई सावकाश वळल्या. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग डब्याकडं.

"अगं मग मला तरी कुठं चालतो! तू पहिल्या दिवशी हो म्हणालीस. म्हटलं, पोरगी नवी आहे, हिच्यासाठी गोड, आपल्यासाठी वेगळा, असं दिसायला नको. तेव्हापासून डोळे मिटून गिळतीय मी!"

हॉलमध्ये प्रसाद मोबाइल बघत बसला होता. तो उठून दारात आला.

"थांबा, थांबा. मी रोज तो चहा बाल्कनीतल्या कुंडीत ओततोय. मग ह्या घरात गोड चहाचं ठरवलं कुणी?"

आईंनी माझ्याकडं बघितलं. मी आईंकडं. आणि आम्ही दोघी एकदमच म्हणालो,

"सगळ्यांनी मिळून!"